चाचांची टेप आणि लोकांच्या टाळ्या

निगडीच्या बस स्टँडवर किंवा कुणाच्या मुलाच्या लग्नात आमच्या कंपनीतली जुनी माणसं भेटली, की गप्पा हमखास ऑर्केस्ट्रावर येतात. मग कुणीतरी मांडीवर थाप मारतो आणि म्हणतो, "चाचांचं ते धपधप काय होतं राव. तसं पुन्हा झालं नाही." आणि माझी तळपायाची आग मस्तकात जाते. धपधप चाचांचं नव्हतंच. चाचांचं जे होतं ते त्या धपधपानं खाऊन टाकलं. हे मी इतकी वर्षं सांगत आलोय. लोक "हो का" म्हणतात आणि चहा मागवतात.

आता एकदा लिहूनच काढतो. निदान कागद तरी मध्येच चहा मागवणार नाही.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सातारा जिल्ह्यातून येऊन चिंचवडच्या एका कंपनीत प्रेस शॉपला लागलो होतो. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारी अजस्र मशिनं. दिवसभर धप्प, धप्प. शेजारच्याशी बोलायचं तर कानात तोंड घालायला लागायचं. कंपनीतल्या कामगारांचा एक ऑर्केस्ट्रा होता, त्यात मी काँगो वाजवायचो. गावाकडे ढोलकी वाजवली होती, तेवढ्या भांडवलावर.

चाचा आमचे लीड गिटारवाले. टूलरूमला सरफेस ग्राइंडर, म्हणजे लोखंड घासून सपाट करणारं मशिन, चालवायचे. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, केस मात्र अजून कॉलरवर रुळणारे. साठच्या दशकात पुण्यात कॅम्पातल्या हॉटेलांमध्ये ते इंग्रजी रॉकची गाणी वाजवायचे. चार पोरांचा बँड, चौघांचे सारखे कोट, घट्ट पँटी. एक फोटो होता त्यांच्याकडे, त्यात ते गिटार घेऊन गुडघ्यावर बसलेत आणि मागे गोरी माणसं नाचतायत. पुढे ती हॉटेलं बदलली, बँड फुटला, एक जण परदेशी गेला, एक देवाघरी. चाचा चिंचवडला भावाच्या स्कूटर गॅरेजवर आले आणि तिथून कंपनीत. पण त्यांनी गिटार गळ्यात घातली की कँटीनमधली पोरं अजूनही बाकांवर चढायची. गणपतीत आम्ही हिंदी सिनेमाची गाणी वाजवायचो, आणि मधल्या तुकड्यात चाचा असं काही खेचायचे की मूळ गाणं कुठलं हेच लोक विसरायचे.

मीही त्यांचा असाच भक्त होतो. त्यांच्या दुसऱ्या उद्योगाचा मला पत्ता नव्हता.

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. एका गुरुवारी प्रॅक्टिस आटोपून मी त्यांना सायकलवरून गॅरेजवर सोडायला गेलो. गॅरेजच्या मागे पत्र्याची एक खोली होती. चाचा म्हणाले, "ये आत, चहा घे." आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं हा माणूस फावल्या वेळात रेडिओ दुरुस्त करतो. टेबलावर उघडे डबे, वायरी, जुन्या बाजारातून आणलेला स्पूलवाला टेपरेकॉर्डर, शेजारी दुसरा, त्याहून जुना. एका टेपरेकॉर्डरमधून टेप निघायची, खुर्चीच्या पाठीला बांधलेल्या लाटण्याला वळसा घालून परत त्यातच शिरायची. अशी गोल गोल फिरत होती. घरातलं लाटणं इथे कसं, हे मी विचारलं नाही.

"काय करता हे?"

"काही नाही रे. खाज आहे." असं म्हणून त्यांनी एक छोटं स्पूल लावलं.

आता त्यात काय होतं ते सांगायचं म्हणजे माझी पंचाईत आहे, तेव्हाही होती. आधी काहीच नाही, नुसती टेपची सळसळ. मग फार खालून एक घूं वर यायचा, इतका सावकाश की कधी सुरू झाला ते कळायचंच नाही. तो त्यांनी बनवलेल्या डब्यातून निघायचा. डब्याला एक चकती होती, ती फिरवली की आवाज चढायचा-उतरायचा. त्या घूंवर एक बारीक सूर उभा राहायचा. पेटीचा नाही, बासरीचा नाही, कुठल्याच वाद्याचा नाही. किंचित डळमळायचा, भरलेली घागर डोक्यावर घेतलेली बाई वळताना मान सांभाळते तसा. आणि मग गिटार. तीच, बाकांवर पोरं चढवणारी. पण टेप उलटी फिरवलेली. आवाज कुठून तरी फुगत फुगत यायचा आणि अगदी शेवटी तार छेडल्याचा टक व्हायचा. आधी परिणाम, मग कारण.

मला एकच कळलं. शिफ्ट सुटल्यावर प्रेस एकामागोमाग बंद होतात आणि शेवटचा बंद झाला की कानात काहीतरी उरतं. ती शांतता नसते, आवाजही नसतो. ते मी रोज डोक्यात घेऊन घरी जायचो आणि ते काय आहे हे कुणाला सांगता येत नव्हतं. या माणसानं ते टेपवर घेतलं होतं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. चहा गार झाला.

"पुन्हा लावा," मी म्हणालो.

चाचा माझ्याकडे संशयानं बघत राहिले. "चेष्टा करतोस?"

तिथून माझा वैताग सुरू झाला, कारण हे मी लोकांना ऐकवायला निघालो. एकेका गुरुवारी एकेकाला गाठून त्या पत्र्याच्या खोलीत नेलं. आमचा व्हायोलिनवाला दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "गाणं कधी सुरू होणार?" ड्रमवाल्यानं टेपरेकॉर्डरला थापटी मारली, त्याला वाटलं बेल्ट सरकलाय. जागेचा मालक चिंचवड गावातला जुना माणूस, त्याचा गोठा खोलीला लागून. तो दारात येऊन म्हणाला, "चाचा, तुमी गिटार किती बी वाजवा, आमचं काय न्हाई. पर ह्ये बारीक करा. म्हस बिचकती, दूध चोरती."

चाचा हसायचे आणि आवाज बारीक करायचे. याचाच मला राग यायचा. कॅम्पात गोऱ्यांना नाचवणारा माणूस म्हशीपुढे पड खातो म्हणजे काय? मी बोलून दाखवलं तर म्हणायचे, "अरे, म्हशीला आवडत नाही तर नाही आवडत. तिचं पण घर आहे."

घरी बायकोपुढे धुसफुस केली. ती आमच्याच भागातली, स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "तुम्हास्नी आवडलं न्हवं? मग ऐका की. लोकांच्या कानात कशापायी कोंबता?" मी जेवणात मीठ कमी आहे म्हणालो.

पण एका गुरुवारी चाचा स्वतःच बोलले. त्या तुकड्यावर ते वर्षभर काम करत होते, आणि तो पूर्ण झाला होता. छोट्या स्पूलवर शेवटची जोडलेली टेप. बाकीचे सगळे तुकडे त्यांनी कापून, पुसून पुढच्या खटपटीला वापरले होते, कारण कोरी टेप सहज मिळत नव्हती. ते म्हणाले, "राव, इथे या बारक्या स्पीकरवर अर्धं ऐकूच येत नाही. तो खालचा घूं तर नाहीच. कँटीनचे मोठे स्पीकर आहेत ना, त्याच्यावर एकदा वाजवायचंय. लोक ऐको, न ऐको. मला मोठ्यानं ऐकायचंय. एकदा, बस."

या माणसानं आजवर काही मागितलं नव्हतं. मी चंग बांधला.

ऑर्केस्ट्रा चालवायचा आमचा निवेदक. टाइम ऑफिसला कारकून, आवाज खणखणीत, प्रत्येक वाक्यात 'रसिकहो'. त्याला पटवायला मला महिना लागला. "टेप वाजवायची तर ऑर्केस्ट्रा कशाला?" हे त्याचं म्हणणं. शेवटी टेप नसेल तर चाचाही वाजवणार नाहीत आणि मीही नाही, असं मी जाहीर केलं. माझ्या काँगोवाचून त्याचं काही अडत नव्हतं, पण चाचांवाचून अडत होतं. त्यानं हात टेकले. खंडेनवमीच्या कार्यक्रमात, दोन गाण्यांच्या मध्ये, एक टेप. "पण लोक उठून गेले तर तुझ्या नावावर," असं बजावून.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनं बंद. सकाळी सगळी धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून, हत्यारं मशिनवर मांडून पूजा. ज्याच्या हातात जे असेल ते त्याचं हत्यार. ऑर्केस्ट्रावाल्यांची त्यात आणखी एक रीत होती. आम्ही वाद्यंही आपापल्या मशिनवर ठेवायचो आणि पूजा झाली की तिथूनच उचलून कँटीनला न्यायचो. माझा काँगो प्रेसच्या टेबलावर कुंकू लावून बसलेला असायचा. जातधर्म त्या दिवशी कुणी विचारत नव्हतं. टूलरूममध्ये सगळ्यात देखणं मशिन दर वर्षी चाचांचंच असायचं. माळा ते स्वतः ओवायचे, भाऊ बाजारातून फुलं आणायचा.

त्या वर्षीही त्यांनी ग्राइंडर सजवला. बाजूला गिटार टेकवली. मधोमध, जिथे काम धरतात त्या लोखंडी चौथऱ्यावर, ॲलन कीचा, म्हणजे बारक्या वाकड्या पान्यांचा, संच, दोन-चार पोलादी ठोकळे, नारळ, आणि पुठ्ठ्याच्या डबीत ते छोटं स्पूल. फोरमननं आरती केली, पेढे वाटले. मी पेढा खात समोरच उभा होतो आणि माझी छाती फुगली होती. चाचांनी टेपलाही हत्यारांत बसवलं, याचा मला विलक्षण आनंद झाला होता. दुपारी त्यांनी स्पूल आणि गिटार उचलली आणि आम्ही कँटीनला गेलो.

कँटीन खच्चून भरलं होतं. पहिली तीन-चार गाणी झाली, चाचांनी गिटारीवर आग ओकली, शिट्ट्या पडल्या. मग निवेदक म्हणाला, "रसिकहो, आता काहीतरी वेगळं," आणि माझ्याकडे बघून डोळे वटारले. चाचांनी स्पूल लावलं. स्वतः स्टेजवरून खाली उतरून पहिल्या रांगेत, स्पीकरच्या बरोबर समोर जाऊन बसले. मांडीवर हात. मी विंगेत.

सळसळ झाली. आणि मग, धप्प.

मला वाटलं कुणी माइकवर आपटलं. पुन्हा धप्प. पुन्हा. एका ठेक्यात. घूं कुठे आहे? सूर कुठे आहे? नुसतं धप्प, धप्प, मध्ये खरखर. मी चाचांकडे बघितलं. त्यांची मान पुढे आली होती आणि कपाळावर आठ्या.

मग मागून कुणीतरी त्या ठेक्यावर टाळी धरली. हळूहळू सगळ्यांनी धरली. स्पूल संपत येईल तसा ठेका जलद व्हायला लागला, आणि मग तर काय, पेंटशॉपची पोरं उठून लेझीम खेळल्यासारखी नाचायला लागली, हातात लेझीम नसताना. ड्रमवाल्यानं बिनधास्त साथ धरली. निवेदक माइकवर "रसिकहो, रसिकहो" करत नाचत होता. दिवसभर प्रेसवर जो आवाज ऐकून आमचे कान किटले होते, त्याच आवाजावर आमचीच माणसं सुट्टीच्या दिवशी बेभान झाली होती. संपल्यावर वन्समोअर आला. वन्समोअर, आणि तोही पूर्ण.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं टूलरूमला गेलो, सामान आवरायला. दिवे अजून लागले नव्हते. चाचा ग्राइंडरपाशी गेले, नारळ बाजूला ठेवला, ॲलन की उचलायला हात घातला. ती निघेना. त्यांनी ठोकळा ओढला, तोही हलेना. मग त्यांनी झेंडूची माळ बाजूला केली आणि चौथऱ्याच्या कडेचा खटका बघितला.

तो चौथरा म्हणजे लोहचुंबक. त्याला चक म्हणतात. काम वर ठेवायचं आणि खटका फिरवायचा, की ते घट्ट चिकटून बसतं. न फिरवता घासायचं चाक लावलं तर तुकडा गोळीसारखा उडतो. टूलरूमला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला चाचांनी हेच घोकवलं होतं, चकवर काही ठेवलं की हात आधी खटक्याकडे. सकाळी पूजा मांडताना त्यांचा स्वतःचा हात सवयीनं तिकडे गेला होता. आणि चुंबकावर टेप ठेवली की तिचं काय होतं, हे आख्ख्या कंपनीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. जुन्या टेपा ते चुंबकानंच पुसायचे. स्पूल प्लॅस्टिकचं, ते चिकटलं नाही, अलगद निघालं, म्हणून उचलतानाही कळलं नाही. चुंबकाच्या प्रत्येक पट्टीनं टेपच्या प्रत्येक वेढ्यावर आपला ठसा उमटवला होता. तेच धप्प, आणि आतले वेढे लहान, म्हणून शेवटी जलद.

त्यांनी खटका फिरवला. ॲलन की सुटल्या.

"पुन्हा करू," मी म्हणालो. "मी येतो दर गुरुवारी. लाटणं धरतो. काय लागेल ते करतो."

"कशावरून करू? तुकडे पुसले की."

"तुम्हाला लक्षात असेल सगळं."

"गाणं असतं तर लक्षात राहिलं असतं." मग थोडा वेळ ते ठोकळे फडक्यानं पुसत बसले. "लोकांना आवडलं ना, राव."

मी भडकलो. त्यांच्यावरच ओरडलो. लोकांना काय, लोकांना डबा वाजवला तरी आवडतो, असं बरंच काही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "मला एकदा मोठ्यानं ऐकायचं होतं रे." हे ते तक्रारीनं म्हणाले नाहीत, म्हणून मला जास्तच लागलं.

त्यानंतर धपधप हा ऑर्केस्ट्राचा हुकमी आयटम झाला. निवेदकानं ती टेप ट्रंकेत ठेवून दिली आणि गणपतीत, खंडेनवमीला, निगडीच्या मंडळांपुढे, सगळीकडे वाजवली. "आमच्या चाचांचा इलेक्ट्रॉनिक लेझीम." मी चाचांना म्हणालो, बंद करा हे, टेप परत मागा. ते म्हणाले, "वाजू दे." दर वेळी ते खाली उतरून पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. मला वाटायचं, टाळ्या घ्यायला. माणूस शेवटी टाळ्यांना विकला जातो, असं मी बायकोला बोलूनही दाखवलं. मी स्वतः त्या आयटमला बाहेर जाऊन बिडी ओढत उभा राहायचो. नंतर चाचांनी खोलीतला पसाराही आवरला. लाटणं घरी गेलं. म्हैस पुन्हा दूध द्यायला लागली, असं मालकानं मुद्दाम येऊन सांगितलं.

चाचांनी गुडघेदुखीमुळे मुदतीआधीच कंपनी सोडली, तेव्हा दुपारी कँटीनमध्ये निरोपसमारंभ झाला. हार, शाल, नारळ, भाषणं. फोरमन त्यांच्या ग्राइंडिंगवर बोलला, निवेदक त्यांच्या गिटारीवर. शेवटी निवेदक म्हणाला, "रसिकहो, ज्याच्यामुळे चाचा अमर झाले ते धपधप झाल्याशिवाय त्यांना कसं सोडणार?" आणि टेप लावली. मी सत्कारमूर्तींच्या शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. त्या दिवशी बिडीला बाहेर जाणं शोभलं नसतं.

धप्प. टाळ्या. धप्प. टाळ्या.

चाचांनी माझा दंड धरला आणि प्रेस शॉपमध्ये बोलतात तसं कानात तोंड घातलं. "दोन धपक्यांच्या मधे ऐक. सगळं पुसलं नाही गेलेलं. तो सूर आहे. खालचा घूं पण आहे. या स्पीकरवरच येतो."

"काय सांगता?"

"दर वेळी ऐकतो मी. तू बाहेर असतोस."

मी कानात प्राण आणून बसलो. पण तोवर ठेका चढला होता आणि लोक आता नुसत्या धपक्यावर नाही, मध्येही टाळ्या भरत होते, पाय आपटत होते, पेंटशॉपवाले उठले होते. मला काही म्हणजे काही ऐकू येईना. त्या टाळ्यांखाली कुठेतरी तो सूर चालला होता, माझ्यापासून दहा हातांवर, संपत चालला होता, आणि स्पूल आता थोडंच उरलं होतं. मला राहवलं नाही. मी उठून खुर्चीवर उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवायला लागलो. थांबा. टाळ्या थांबवा.

लोकांना वाटलं मी चेव आणतोय. आख्खं कँटीन उठलं आणि दुप्पट जोरानं टाळ्या वाजवायला लागलं.

चाचांनी शर्टाला धरून मला खाली ओढलं. त्यांचं तोंड स्पीकरकडेच होतं, डोळे मिटलेले.

"बस राव खाली," ते म्हणाले. "मला ऐकू दे."